कटिंग टेबलावरचा जादूगार

रविवार, ६ ऑक्टोबर

आज माझ्या कटिंगच्या टेबलावर एक राक्षस मेला.

ज्या टेबलावर मी जन्मभर कोट-पँटी कापल्या, खडूची रेघ जरा इकडची तिकडे झाली तर कारागिरांना फैलावर घेतलं, त्याच टेबलावर आता दर रविवारी दुपारी ठकी आपली मंडळी जमवते. प्रत्येकाने गोष्टीतलं एक सोंग घ्यायचं आणि फासे टाकत ती गोष्ट पुढे न्यायची, असा खेळ. नकाशे पसरतात, फासे पडतात आणि चांगली कमावती माणसं ‘मी तलवार उपसतो’ वगैरे बोलू लागतात. ठकी म्हणजे माझी मुलगी. समुद्राच्या तळाचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत आहे. लग्नाचं वय होऊन पुढे गेलं, आणि सुट्टीच्या दिवशी हे उद्योग.

त्यांचा एक गडी बदली होऊन गेला. ठकी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाली, “बाबा, जादूगाराची जागा रिकामी आहे. बसता का?”

“मला फक्त माझं टेबल परत हवंय.”

“बसलात तर टेबल तुमचंच.”

ही आईवर गेली आहे. तीसुद्धा अशीच दोन वाक्यांत माणूस गुंडाळायची. ती गेली त्याला आता वर्ष होईल. दुकान मी तेव्हाच बंद केलं. विचारणाऱ्यांना सांगतो, कंटाळा आला.

तर बसलो. ठकी खेळ चालवते, म्हणजे जग तिचं, पाऊसवारा तिचा, राक्षसही तिचेच. खालच्या मजल्यावरची सिस्टर हॉस्पिटलात नर्स आहे आणि खेळात जखमा भरणारी पुजारीण आहे, म्हणजे बिचारीला रविवारीही ड्यूटीच. लिफ्ट दुरुस्त करणारा लांब्या खेळात योद्धा आहे. त्याला मी दोनदा सांगितलं की ताठ बस, पाठीत कोट झोळ खातो.

ठकी म्हणाली, जादूगाराला वही लागते. म्हणून मापांच्या जुन्या वहीची कोरी पानं काढली. मंत्र पुढून लिहीन, रोजचं मागून.

बुधवार, ९ ऑक्टोबर

जेवताना ठकीला जादूगाराबद्दल खोदून खोदून विचारलं. थट्टा करायला गेलो आणि गप्प झालो, कारण माणूस फारच कष्टाळू निघाला.

त्या जगात जादू येणारे पुष्कळ आहेत. काहींच्या रक्तातच असते. (गिऱ्हाईक म्हणायचं ना, “आमच्या पोराच्या हातात उपजतच कला आहे हो, ठेवून घ्या.” ते पोर आठवड्यात पळायचं.) सिस्टरच्या पुजारणीला देव देतो. जादूगाराला कुणीच काही देत नाही. त्याने शिकायचं. कुठल्या तरी भुयारात दुसऱ्या जादूगाराचं भेंडोळं सापडतं, त्यावर मंत्र असतो. पण तो ज्याने लिहिला त्याच्या खुणांत लिहिलेला. ह्याने दिवे जाळून त्या खुणा उकलायच्या, हातवारे घोटायचे, चुकायचं, पुन्हा घोटायचं आणि जमलं की चांगल्या शाईने आपल्या वहीत, आपल्या खुणांनी उतरवायचा. मगच तो मंत्र त्याचा.

मी ठकीला म्हटलं, हे तर कटिंग आहे! दुसऱ्या कटरने आखलेलं कापड समोर आलं की अगदी तसंच होतं. एकाची उभी रेघ म्हणजे चूण, दुसऱ्याची तीच रेघ म्हणजे आत दुमडायचा दाब. त्याच्या खुणा आपल्या खुणांत आणल्याशिवाय कात्री लावलीस तर कापड वाया.

ती म्हणाली, “म्हणूनच तुम्हाला जादूगार दिला.”

आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र मनात राहिली. वहीत कितीही मंत्र असले तरी ते सगळे एका वेळी हाताशी नसतात. रोज सकाळी जादूगार वही उघडून बसतो आणि आजच्यापुरते मोजकेच मंत्र तयार करून ठेवतो. दिवसभर तेवढ्यावर भागवायचं.

हिचं, ठकीच्या आईचं, तसंच असायचं. दुकान उघडायच्या आधी ही माझी सुयांची गादी घेऊन बसायची. “आज कोणकोणते रंग?” विचारायची आणि पांढरा, काळा, करडा, ज्या त्या रंगाच्या सुया ओवून ठेवायची. मी दिवसभर त्या वापरायचो. गादी अजून भिंतीवर आहे. तिच्यात हिने ओवलेली एक सुई आहे, निळ्या दोऱ्याची. ती मी काढलेली नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

आज पहिलं भेंडोळं मिळालं. ज्योत पेटवण्याचा मंत्र. मी फासा उचलला तर ठकीने हात धरला. “आपल्या टेबलावर नियम आहे, बाबा. जादूगाराने मंत्र उतरवायचा तर खेळणाऱ्याने त्या आठवड्यात त्याच्या जवळपासची एखादी गोष्ट खरोखर शिकायची. दुसऱ्या माणसाकडून. आणि पुढच्या रविवारी करून दाखवायची.”

सिस्टर आणि लांब्या एकमेकांकडे बघत होते. नवशिक्याची गंमत वाटली असणार.

पण नियम मला फार आवडला. ज्याने हा खेळ बसवला तो माणूस कारागीर असला पाहिजे. नुसता फासा पडला नि मंत्र आला, याला काय अर्थ आहे?

ज्योतीसाठी लांब्याने मला शेगडी शिकवायचं ठरलं. माझ्याच घरातली. आजवर मी चहासुद्धा केलेला नाही, हे इथे लिहायला हरकत नाही.

रविवार, २० ऑक्टोबर

उकडलेली अंडी आणि टोमॅटोचं सूप सगळ्यांना वाढलं. सूप जरा लागलं होतं. लांब्याने दोनदा घेतलं. चांगला मुलगा आहे, खांदे उतरते आहेत एवढंच. ज्योतीचा मंत्र वहीत उतरवला, माझ्या खडूच्या खुणांत.

लगेच दुसरं भेंडोळं निघालं, अदृश्य सेवकाचं. हा सेवक दिसत नाही, पण पाणी भरतो, झाडतो, कपडे धुतो. ठकी म्हणाली, “कपडे धुण्याचं यंत्र.” हसून पुरेवाट झाली. उद्यापासून सिस्टरकडे शिकवणी.

मध्येच ठकीला फोन आला, तो तिने गॅलरीत जाऊन घेतला. हळू बोलत होती. “मला थोडा वेळ द्या,” एवढंच कानावर आलं. परत आली तेव्हा चेहरा लाल. हल्ली हे बरेचदा होतं. मला काही समजत नाही असं नाही.

रविवार, २७ ऑक्टोबर

यंत्र जमलं. एक पांढरा सदरा गुलाबी झाला, तो मी सेवकाच्या नावावर टाकला. गेल्या रविवारी आणखी दोन भेंडोळी निघाली होती. त्यातला दूरच्याशी बोलण्याचा मंत्र लांब्याकडून परवाच झाला, म्हणजे फोनवर तोंड दिसेल असं बोलणं. विषाची ओळख पटण्याच्या मंत्रासाठी सिस्टरने माझ्या गोळ्या समोर मांडून कुठली सकाळची, कुठली रात्रीची, ते घोटून घेतलं. आधी हिने दिलेली गिळायचो, मग ठकीने दिलेली. नाव विचारलं नव्हतं.

माझा जादूगार आता भराभर शिकतो आहे. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटतो. अंगात बळ नाही, ढाल धरता येत नाही, एका फटक्यात आडवा होईल असा म्हातारा. पण जिथे जाईल तिथे आधी विचारतो, इथे शिकण्यासारखं काय आहे? बाकीचे सोनं उचलतात, हा कागद उचलतो.

आता गोष्ट एका मोठ्या दाराशी येऊन अडली आहे. डोंगरात दगडी दार, पलीकडे पुढची सगळी वाट. लांब्याचा योद्धा त्यावर कुऱ्हाड घालून थकला. दाराशी भेंडोळं सापडलं. बंद असेल ते उघडणारा मंत्र, खटखट.

“हा करताना मोठा आवाज होतो,” ठकी म्हणाली. “लांबवर ऐकू जातो. हा मंत्र चोरून करता येत नाही.”

“आणि शिकायचं काय?”

“कुणाच्या तरी दारावर जायचं. ठोठवायचं. आणि जे तुम्हाला एकट्याला होत नाही ते मागायचं.”

“मला सगळं होतं,” मी म्हटलं.

ठकी भिंतीवरच्या गादीकडे बघत होती.

रविवार, ३ नोव्हेंबर

दार बंदच आहे. मी म्हटलं, हा मंत्र मला नको, दुसरा दे. ठकी म्हणाली, ते दार त्यानेच उघडतं. सगळे माझ्यासाठी खोळंबले आहेत हे बरं दिसत नाही, पण मागणं माझ्या स्वभावात नाही. गिऱ्हाइकाकडे थकलेली शिलाईसुद्धा ही मागायला जायची.

आणि मागू तर कुणाकडे? सिस्टर आणि लांब्या चालणार नाहीत म्हणे, ते टेबलावरचे. उरला समोरच्या दारातला बेकरीवाला. त्याची माझी बोलाचाली फक्त मान हलवण्याची. एकदा तो म्हणाला होता, “मास्तर, तुम्ही शिवलेली पँट घट्ट झाली.” मी म्हटलं, “पँट तेवढीच आहे, तुम्ही रुंद झालात.” तेव्हापासून दोघांच्याही नाकावर माशी बसत नाही.

ठकी हल्ली जेवत नाही धड. लांब्याशी जिन्यात उभी राहून बराच वेळ बोलत होती. मी त्याची मापं नजरेनेच घेऊन ठेवली आहेत. छाती, पाठ, बाही. विचारायला आलाच तर कोटाला उशीर नको.

रविवार, १० नोव्हेंबर

आज फार वाईट वाटलं.

सिस्टरने तिचा भाचा आणला होता. कॉलेजात शिकवतो, दुसऱ्या मंडळीत बरीच वर्षं खेळतो. मी त्याला हौसेने माझी वही दाखवली आणि प्रत्येक मंत्रासाठी काय काय शिकलो ते सांगितलं. तो कौतुकाने ऐकत होता. मग म्हणाला, “भारी आहे हे! पण काका, असा नियम खेळात नाही. जादूगाराची पातळी वाढली की एक-दोन मंत्र आपोआप येतात. बाकीचे सापडले तर शाई आणायची, खेळातले काही तास द्यायचे, कुठे कुठे फासा टाकायचा. झालं. खेळणाऱ्याला काही शिकावं लागत नाही.”

सिस्टरने त्याला टेबलाखालून लाथ मारली. मला दिसली.

मी ठकीकडे बघितलं. ती फासे गोळा करत होती.

म्हणजे मला सगळ्यांनी मिळून खेळवलं. लहान पोराला घास भरवताना गोष्ट सांगतात तसं. मी उठून आत गेलो. ती दाराशी येऊन “बाबा,” म्हणाली. मी म्हटलं, “डोकं दुखतंय.”

सोमवार, ११ नोव्हेंबर

दिवसभर मूग गिळून बसलो. ठकी कचेरीत गेल्यावर अंडं उकडलं, गोळ्या घेतल्या, कपडे यंत्रात घातले. वाळत घालताना हात मध्येच थांबले.

हे सगळं मी केलं होतं. कुणालाही हाक न मारता. शेगडी, कपडे, गोळ्या, फोन. वर्षापूर्वी मी साखरेचा डबा शोधत स्वयंपाकघरात रडलो होतो, ते ठकीने बघितलं होतं.

राग जागच्या जागी गेला. एवढ्या युक्तीने मला कुणी शिकवलं नव्हतं. नुसतं म्हणाली असती की बाबा, कपडे धुवायला शिका, तर मी पेपर तोंडासमोर धरला असता. तिने मला भुयारात नेलं, राक्षस दाखवले, भेंडोळं हातात दिलं आणि माझ्याच तोंडून म्हणवून घेतलं की मला शिकायचं आहे. मी एवढे कारागीर तयार केले, ओरडून. हे मला सुचलं नाही.

पण मी एकटा राहू शकलो पाहिजे, याची तिला एवढी घाई का? तर लग्न. लांब्या दुसरीकडे राहतो. उघड आहे.

बुधवार, १३ नोव्हेंबर

सिस्टरला गाठलं. म्हटलं, लांब्याला सांगा, ठकीबद्दल विचारायला भितो काय, मी काही खात नाही. ती आधी बघत राहिली आणि मग इतकी हसली की जिन्यात बसली.

“मास्तर, लांब्याचं लग्न ठरलंय. दुसरीकडे. ठकी त्याला पत्रिकेचं चित्र काढून देते आहे.”

“मग फोन कुणाचे?”

मग ती हसायची थांबली. ठकीला बोटीवर बोलावलं आहे. समुद्राच्या तळाच्या ज्या भागाचा नकाशाच नाही तिथे जाणारी बोट, दोन वर्षांसाठी. अशा जागेसाठी माणसं आयुष्यभर वाट बघतात म्हणे. सोमवारी उत्तर द्यायचं आहे.

“काय देणार आहे उत्तर?”

“नाही म्हणणार आहे.”

“का? मला आता सगळं येतं!”

सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाली, “ती म्हणते, बाबांना सगळं आलं, पण अजून दार ठोठवता येत नाही. उद्या घरात पडले तरी कुणाला हाक मारणार नाहीत. मी तिकडे पाण्यावर काय करू?”

मी जिना चढून वर आलो.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आता जे लिहितो आहे ते कुणाला सांगितलेलं नाही. मी दुकान कंटाळून बंद केलं नाही. मला सुई ओवता येत नाही. डोळे बरेच आधी गेले. शिवण हाताने कळते, कापड बोटांनी कळतं, पण सुईचं नेढं दिसत नाही. हिला माहीत होतं. म्हणूनच ती रोज सकाळी गादी घेऊन बसायची आणि कधी बोलून दाखवलं नाही. ती गेली, आणि शिंप्याने दुसऱ्याकडे सुई ओवून मागायची, या विचाराने मी शटर खाली ओढलं. मला वाटायचं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

सकाळी गादी भिंतीवरून काढली. रिकाम्या सुया आणि दोऱ्याची रिळं घेतली. समोरच्या दाराशी उभा राहिलो. हात वर केला, खाली घेतला. राक्षसासमोर माझा जादूगार असा कधी अडखळला नसेल. बोटाने हळूच वाजवलं. आतून काही नाही. परत फिरणार होतो. मग आठवलं, हा मंत्र चोरून करता येत नाही.

मूठ वळून ठोठवलं. सगळा जिना दणाणला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलंसुद्धा.

बेकरीवाल्याने दार उघडलं. हाताला पीठ होतं. “काय झालं मास्तर?”

“सुया ओवून हव्यात,” मी म्हटलं. “मला दिसत नाही.”

बोलून गेलो. त्याने माझ्याकडे बघितलं, गादीकडे बघितलं. हात धुऊन आला. केकवर बारीक नक्षी काढणारा माणूस तो, हात दगडासारखा स्थिर. चष्मा कपाळावर ढकलून खिडकीशी बसला, पहिली सुई उजेडात धरली आणि म्हणाला, “आज कोणकोणते रंग?”

मी गादीतल्या हिच्या निळ्या सुईकडे बघत राहिलो. त्याला वाटलं मी रंग आठवतोय.

“करडा,” म्हटलं. “काळा. आणि निळा पण लागेल.”

सगळ्या ओवून झाल्यावर म्हणाला, “रोज सकाळी या. मी बेकरीतून आलेला असतो. आणि ती पँट तेवढी सैल करून द्या आता.”

“कापड आहे आत दाबलेलं,” मी म्हटलं. “मी तेव्हाच ठेवलं होतं.”

रविवार, १७ नोव्हेंबर

मंडळी बसली. भाचा कोपऱ्यात अंग चोरून होता, त्याला मी माझ्या शेजारी घेतलं. ठकीचा आवाज उतरलेला. “आपण दाराशी आहोत,” म्हणाली. “बाबा, हवं तर फासा टाका. नियम काय, मीच केला होता.”

“नियम आहे तो आहे,” मी म्हटलं आणि गादी टेबलावर ठेवली. रंगीबेरंगी दोरे लोंबत होते.

ठकीने एकेका सुईला हात लावला. “कुणी ओवल्या?”

“समोर ठोठवलं. हवं तर वरच्यांना विचार, सगळ्यांना ऐकू गेलंय. मला सुई ओवता येत नाही, ठके. रोज सकाळी जाणार आहे मी त्याच्याकडे.”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “आईने सांगितलं होतं.”

सिस्टर नाक पुसत होती. लांब्या एकदाचा ताठ बसला होता.

मी माझ्या वहीत खटखट उतरवला. मग जादूगाराला त्या दगडी दारासमोर उभं केलं आणि मुठीने कटिंगचं टेबल असं बडवलं की फासे उडाले. “उघड,” म्हटलं.

“उघडलं,” ठकी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “बाबा, पलीकडे...”

“पलीकडचं मागाहून. आधी उभी राहा. हात वर कर.”

“आता? कशाला?”

मी गळ्यातली टेप काढली. छाती, कंबर, खांद्यापासून मनगट. जाड लोकरीचं कापड परवाच आणून ठेवलं आहे. “कोट शिवतोय,” म्हटलं. “बोटीवर वारा फार असतो म्हणतात.”

ती तशीच हात वर करून उभी राहिली आणि रडली. माप पुन्हा घ्यावं लागलं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

सकाळी समोर जाऊन आलो. आज नेव्ही ब्लू सांगितला होता, त्याने काळा ओवला. परत केला. भांडून पुन्हा ओवून घेतला.

हिची निळी सुई आज वापरली. कोटाची पहिली शिवण त्याच दोऱ्याने घातली, आत अस्तराला, वरून दिसणार नाही अशी. दोरा शिवणभर पुरला.

मी खाली मान घालून शिवत होतो तेव्हा ठकीने गॅलरीत जाऊन फोन लावला. आज हळू बोलली नाही. “हो, येते मी,” म्हणाली, इतक्या मोठ्यांदा की समोरून बेकरीवाल्याने दार उघडून विचारलं, काय झालं म्हणून.